कवच सोन्याचे, कसोटी शिस्तीची

काही दशकांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातील वाड्यांत आणि आळ्यांत वर्षातून दोन-तीनदा एक परिचित हाक ऐकू येत असे : ‘कल्हईऽऽवाला!’ घरोघरची तांब्या-पितळेची भांडी अंगणात येत. जमिनीत लहानसा खड्डा खणून भट्टी पेटे, भात्याचा सूर लागे आणि मुलांचा घोळका भोवती जमे. भांडे तापले की कल्हईवाला त्यात नवसागराची पूड टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवून तो कापसाच्या बोळ्याने चपळाईने हात फिरवी आणि काळवंडलेले भांडे पाहता पाहता चांदीसारखे उजळे. त्या घोळक्यातील फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल, की सारी किमया हाताच्या झटक्यात नव्हती; ती नवसागरात होती. नवसागराने पृष्ठभाग निर्मळ केला, तरच वितळलेले कथील त्यावर पसरते. तो मलिन राहिला, तर तेच कथील थेंबाथेंबांनी गोळा होते आणि भांड्याला धरत नाही.

एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढविण्याची ही विद्या आज जगातील अग्रेसर प्रयोगशाळांत एका विलक्षण पातळीवर जाऊन पोहोचली आहे. तेथील ‘भांडे’ आहे नॅनोकण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडीच मुळी साधारणतः 50 हजार ते 1 लाख नॅनोमीटर भरते. अशा काही दशक नॅनोमीटरच्या कणाला गाभा मानून त्यावर सोने, चांदी, पॅलेडियम किंवा प्लॅटिनम यांचे कवच वाढवायचे, आणि ते नुसते वाढवायचे नाही, तर हवे त्या जाडीचे, हवे त्या आकाराचे वाढवायचे, हे या शास्त्राचे उद्दिष्ट आहे. कवच गोल हवे की घनाकृती, सलग हवे की काटेरी, हे मनुष्याला ठरविता येते काय? येते. मात्र ज्या मार्गाने ते येते, त्यात विज्ञानाच्या प्रगतीसंबंधी एक बोध दडलेला आहे. नॅनोतंत्रज्ञानाच्या घोषणा करणाऱ्या प्रत्येक देशाने, आणि म्हणून आपल्या देशानेही, तो ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

जाडीत दडलेला रंग

आकाराला एवढे महत्त्व का, हा प्रश्न कोणाही सुजाण वाचकाच्या मनात येईल. सोने ते सोने. त्याची चौकट वा चेंडू केल्याने काय बिघडते? दागिन्याच्या बाबतीत खरोखरच काही बिघडत नाही. परंतु धातू नॅनोमीटरच्या मापात आला, की त्याचे गुणधर्म त्याच्या आकारावर आणि आकारमानावर अवलंबून राहू लागतात. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवरील आपले प्रयोग मांडले, तेव्हा त्यांच्या कुपीतील सोने पिवळे नव्हते, माणकासारखे तांबडे होते. अशा कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर एका विशिष्ट तालात आंदोलन करतात. कोणत्या रंगाला कण प्रतिसाद देणार, हे त्या तालावर ठरते. भरीव गोल सोन्याचा लहान कण सुमारे 520 नॅनोमीटर लांबीच्या हिरवट लहरी शोषतो, म्हणून त्याचा विद्राव तांबडा दिसतो.

गोल भरीव कणाच्या बाबतीत हा ताल फारसा बदलता येत नाही. येथेच कवचाचे सामर्थ्य प्रकट होते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले, की सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्याच जातीच्या पदार्थाच्या, गोल गाभ्यावर सोन्याचे पातळ कवच चढविले, तर गाभा आणि कवच यांच्या प्रमाणावरून कणाचा प्रतिसाद हवा तेथे नेऊन ठेवता येतो. गाभ्याच्या मानाने कवच जितके पातळ, तितका प्रतिसाद तांबड्याच्या पलीकडे, अवरक्त प्रकाशाकडे सरकतो.

या सरकण्यातच रुग्णाचे हित आहे. साधारणतः 700 ते 900 नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश शरीराच्या ऊतींत बऱ्यापैकी खोलवर शिरतो, कारण रक्त आणि पाणी त्याला फारसे अडवीत नाहीत. त्याच प्रकाशाला शोषून तापणारे कण अर्बुदात साठले, तर बाहेरून सोडलेल्या लेसरने नेमके अर्बुदच जाळता येईल, असा हा विचार. हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटांनी 2003 मध्ये तो प्रयोगशाळेत सिद्ध केला. पुढे सुमारे 120 नॅनोमीटरचा सिलिकाचा गाभा आणि त्यावर सुमारे 15 नॅनोमीटर जाडीचे सोन्याचे कवच, असे कण पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या 16 रुग्णांवर प्राथमिक चाचणीत वापरले गेले. त्या चाचणीचा वृत्तांत 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 15 रुग्णांवर ही प्रक्रिया यशस्वीपणे पार पडली. सोळा रुग्णांची चाचणी म्हणजे सिद्ध उपचार नव्हे, हे विसरता कामा नये. पण प्रयोगशाळेतील कुपीपासून रुग्णशय्येपर्यंतचा हा एकवीस वर्षांचा प्रवास खरा आहे. या प्रवासात कवचाची जाडी काही नॅनोमीटरने चुकली असती, तर कणाने नेमक्या त्या लेसरला पुरेसा प्रतिसाद दिला नसता. आकारावरील ताबा ही येथे शोभेची गोष्ट नाही. उपचार चालणे वा न चालणे त्यावर ठरते.

आकार कसा ठरतो?

अणूंना आज्ञा देता येत नाही. चिमट्याने उचलून एकेक अणू जागी बसवावा, तर एका कणाला लागणाऱ्या लक्षावधी अणूंचा हिशेब करता करता आयुष्य सरेल. कवचाचा आकार घडतो तो परिस्थितीच्या नियंत्रणातून. त्या परिस्थितीची मुख्य अंगे तीन आहेत.

पहिले अंग म्हणजे गाभा आणि कवच यांचे जुळणे. घरातील जुन्या फरशीवर तेवढ्याच मापाची नवी फरशी सांध्यावर सांधा ठेवून बसविता येते. माप वेगळे असेल तर सांधे सरकतात. धातूंचेही तसेच आहे. सोन्याच्या स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एककाची बाजू सुमारे 0.408 नॅनोमीटर, तर चांदीची 0.409. हा फरक नगण्य असल्याने सोन्याच्या गाभ्यावर चांदी थरावर थर अशी सुरेख चढते. पॅलेडियमची बाजू 0.389 नॅनोमीटर, ताण येतो, पण निभावतो. तांब्याची मात्र 0.361. एवढी तफावत असताना तांबे सोन्यावर सलग पसरण्याऐवजी बहुधा एका कुशीवर गाठीसारखे वाढू पाहते. आणि गाभा धातूचा नसून सिलिकाचा असेल, तर सोने त्याला मुळीच धरत नाही. म्हणून आधी सिलिकाच्या पृष्ठभागावर अमाइन गट असलेल्या रेणूंचे अस्तर लावतात, त्यावर दोन-तीन नॅनोमीटरचे सोन्याचे बीजकण चिकटवतात आणि मग सोन्याच्या क्षाराचे क्षपण करून ती बीजे वाढवतात. बीजांची बेटे होतात, बेटे एकमेकांना भिडतात आणि कवच पुरे होते. कल्हईवाल्याच्या नवसागराचे काम येथे त्या अस्तराकडे आले, इतकेच.

दुसरे अंग म्हणजे पैलूंवरील पहारा. हिऱ्याप्रमाणे धातूच्या सूक्ष्म स्फटिकालाही पैलू असतात. त्यांच्या वाढीचा एक नियम प्रथमदर्शनी उफराटा वाटतो : जो पैलू वेगाने वाढतो तो अखेर नाहीसा होतो आणि जो संथपणे वाढतो तोच शेवटी उरतो. म्हणून एखाद्या पैलूला टिकवायचे असेल, तर त्यावर वाढ रोखणारा पहारेकरी बसवायचा. हे काम विशिष्ट रेणू करतात. यूनान शिया यांच्या गटाने 2010 मध्ये चांदीच्या बाबतीत हे स्पष्टपणे दाखवून दिले. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे बहुवारिक घनाच्या पैलूंना बिलगते, त्यामुळे घनाकृती कण मिळतात. सायट्रेट, म्हणजे लिंबातील आम्लाचा क्षार, दुसऱ्या जातीच्या पैलूंना बिलगतो आणि कण अष्टफलकी होतात. धातू तोच, बीज तेच. पहारेकरी बदलला की आकार बदलला. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे गॅबोर सोमोर्जाई आणि पेइडाँग यांग यांच्या गटांनी 2007 मध्ये प्लॅटिनमच्या घनाकृती गाभ्यावर पॅलेडियमचे कवच वाढवले, तेव्हा नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण बदलून कवचाला घनापासून अष्टफलकापर्यंत नेता आले.

तिसरे अंग म्हणजे वेग. विद्रावातून सुटलेला अणू गाभ्यावर येऊन पडतो, तो बहुधा कोपऱ्यावर वा कडेवर. तेथून सरकत सरकत योग्य जागी जाऊन बसायला त्याला अवधी लागतो. नवे अणू येण्याचा वेग या सरकण्याच्या वेगाहून कमी असेल, तर कवच नितळ आणि सलग होते. अणूंची झुंबड उडाली, तर पहिले अणू कोपऱ्यावरच अडकतात, त्यांच्यावर दुसरे चढतात आणि कणाला शिंगे फुटतात. यामुळेच प्रयोगशाळेत धातूचा क्षार एकदम न ओतता यांत्रिक पिचकारीने अत्यंत संथ गतीने सोडतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे काटकसरीचा उपदेश राहत नाही. ती प्रत्यक्ष कृतीची सूचना होते. तापमान, आम्लता आणि क जीवनसत्त्वासारख्या सौम्य क्षपणकाची मात्रा यांवरही हाच वेग अवलंबून असतो.

दोष कोणाचा?

हे सारे वाचताना असे वाटेल, की कृती कळली म्हणजे काम झाले. पण विज्ञानाच्या इतिहासातील एक अलीकडचा प्रसंग या समजुतीला धक्का देतो. सोन्याच्या बीजकणांवर वाढ घडवून सूक्ष्म कांड्या करण्याची एक पद्धत या शतकाच्या प्रारंभी सर्वत्र रूढ झाली होती. बीजावर वाढणारी कांडी आणि गाभ्यावर वाढणारे कवच यांचे मूलशास्त्र एकच. या कृतीत ‘सीटॅब’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा साबणसदृश पदार्थ लागतो. तक्रार अशी होती, की एका प्रयोगशाळेत उत्तम चालणारी कृती दुसरीत अजिबात चालत नसे. कांड्यांऐवजी नुसते गोल कण मिळत.

टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये या कोड्याचा पद्धतशीर पिच्छा पुरवला. दहा निरनिराळ्या पुरवठादारांकडून सीटॅब मागवून त्यांनी प्रत्येकाने तोच प्रयोग तसाच करून पाहिला. त्यांतील तिघांच्या मालाने कांड्या झाल्याच नाहीत. पुढील वर्षी कारणही उघड झाले : काही मालांत आयोडाइडची सूक्ष्म अशुद्धी होती. दहा लाख भागांत काही दशक भाग एवढी ती अशुद्धी कांड्यांची वाढ थोपवायला पुरेशी ठरत होती. बाटलीवरील नाव एक, रासायनिक सूत्र एक. फरक होता तो कोणी पाहिला नव्हता त्या कणभर मळाचा. त्याच सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने हाच आयोडाइड मुद्दाम मोजून घातला आणि कांड्यांऐवजी त्रिकोणी चकत्या मिळवून दाखवल्या. जो दोष होता, तो मोजमापात येताच साधन झाला.

या कथेचा मथितार्थ खोल आहे. ती अशुद्धी सापडण्यापूर्वी जगभरातील किती विद्यार्थ्यांनी रात्री जागवल्या असतील आणि ‘हात नीट चालत नाही’ असा ठपका स्वतःवर घेतला असेल, याची नोंद कोणत्याही नियतकालिकात नाही. प्रयोग फसतो तेव्हा तो निसर्गाने दिलेला अभिप्राय असतो. तो लपवला तर शास्त्र थांबते. तो वहीत लिहिला, चार जणांत मांडला आणि त्याचे कारण शोधले, तर शास्त्र पुढे जाते. आकारावर ताबा मिळतो तो हुशारीच्या एका झटक्याने नव्हे. शुद्ध द्रव्ये, अचूक मोजमाप आणि अपयशाची प्रामाणिक नोंद या तीन गोष्टींच्या शिस्तीतून तो मिळतो. कवच सोन्याचे असले, तरी कसोटी शिस्तीचीच असते.

गवती चहा ते पाण्याची गाळणी

या क्षेत्रात भारत मागाहून आला, असे म्हणण्याचे कारण नाही. केंद्र शासनाने 2001 मध्ये नॅनोविज्ञानासाठी पहिला राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला आणि 2007 मध्ये पाच वर्षांसाठी 1,000 कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू केले. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा एक अध्याय तर पुण्यातच लिहिला गेला. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला आणि सामान्य तापमानालाच सोन्याच्या सपाट त्रिकोणी सूक्ष्म चकत्या मिळवल्या. या चकत्याही अवरक्त प्रकाश शोषणाऱ्या. ज्या पानांनी मराठी घरातील पावसाळी चहाला सुगंध यावा, त्यांच्या अर्काने धातूच्या आकारावर ताबा मिळवावा, ही गोष्ट जगन्मान्य नियतकालिकाने आदराने छापली.

धातूच्या सूक्ष्म कणांचा उपयोग लोकांच्या घरापर्यंत नेण्याचे कामही येथे झाले. मद्रास आयआयटीत थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने सोन्या-चांदीच्या नॅनोकणांच्या साहाय्याने पाण्यातील कीटकनाशकांचे अंश काढून टाकण्याचे तंत्र विकसित केले. त्यांना 2020 मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. टाटा समूहाने डिसेंबर 2009 मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्वच्छ’ या जलशुद्धीकरण साधनात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते आणि ते विजेशिवाय चालत होते. गिरणीच्या मागे उकिरड्यावर पडणारे तूस आणि अत्याधुनिक विज्ञान यांची ही सांगड सर्वस्वी इथल्या मातीतली होती. बुद्धी, कल्पकता आणि लोकहिताची दृष्टी यांपैकी कशाचीच वाण आपल्याकडे नाही, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

जेथे उणे आहे

मग उणीव कोठे आहे? ती आहे नेमकी त्या शिस्तीला पोसणाऱ्या व्यवस्थेत. नॅनोकणाचा आकार डोळ्यांनी दिसत नाही; तो पाहण्यासाठी कोट्यवधी रुपयांचा पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो आजही परदेशांतून आणावा लागतो. तो आणण्याचा समारंभ थाटात होतो. परंतु त्याची देखभाल करणारा निष्णात तंत्रज्ञ नेमण्याचा प्रश्न आला, की पद मंजूर आहे काय, येथून विचार सुरू होतो. उपकरण म्हणजे संशोधन नव्हे. उपकरण अखंड चालू ठेवणारा माणूस म्हणजे संशोधन. देशाचा संशोधन आणि विकासावरील खर्च 2020-21 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता, तर दक्षिण कोरियासारखा लहान देश चार टक्क्यांहून अधिक खर्च करीत होता. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा 2023 मध्ये झाला. त्याच्या निधीतील योग्य वाटा उपकरणांच्या देखभालीला आणि तंत्रज्ञांच्या वेतनाला मिळाला, तरच तो कायदा प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.

दुसरी उणीव मोजपट्टीची. अनेक वर्षे पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येणे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी बंधनकारक केले होते. हेतू चांगला होता. पण अशा सक्तीने नव्या शोधाऐवजी निबंधांची मोजदाद महत्त्वाची ठरते आणि फसलेल्या प्रयोगाची वही कपाटात बंद होते. 2022 च्या नियमावलीत आयोगाने ही सक्ती काढून टाकली, हे योग्यच झाले. तथापि नियम बदलला म्हणून मनोवृत्ती बदलतेच असे नाही. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला ‘किती निबंध झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘हा प्रयोग दुसऱ्याने दुसऱ्या ठिकाणी केला तर जमेल काय?’ असे विचारण्याची प्रथा पडली पाहिजे.

तिसरी उणीव शुद्ध द्रव्यांची. आयोडाइडच्या प्रसंगाने दाखवून दिले, की बाटलीवरच्या लेबलावर विसंबून चालत नाही. मोजमापाचा प्रमाण आधार देशातच तयार व्हावा म्हणून दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने प्रमाणित पदार्थ उपलब्ध करून देते. हे काम वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाही. पण पायाचे दगड कधी दर्शनी भिंतीत दिसतात काय? या कामाचा विस्तार झाला पाहिजे आणि भारतीय रसायन उद्योगाने संशोधनाच्या दर्जाची द्रव्ये, प्रत्येक खेपेच्या चाचणीच्या तपशिलासह, पुरविण्यात प्रतिष्ठा मानली पाहिजे.

या सर्वाची निकड काल्पनिक नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मान्यता दिली. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटात प्लॅटिनमचा उत्प्रेरक वापरला जातो, आणि हा दुर्मीळ धातू भारताला बाहेरूनच आणावा लागतो. अभिक्रिया होते ती केवळ कणाच्या पृष्ठभागावर. आत दडलेले प्लॅटिनम निव्वळ वाया जाते. न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत राडोस्लाव आदझिच यांच्या गटाने पॅलेडियमच्या गाभ्यावर प्लॅटिनमचा केवळ एका अणूच्या जाडीचा थर चढवून दाखवला. कवच जितके पातळ आणि योग्य पैलूंचे, तितके कमी प्लॅटिनम पुरते. सूक्ष्म कवचावरील ताबा हा असा थेट परकीय चलनाशी आणि ऊर्जेतील स्वावलंबनाशी निगडित आहे. ज्या देशाजवळ धातू नाही, त्याने तो धातू कणाकणाने वाचवण्याची विद्या तरी हस्तगत केली पाहिजे.

अभिमान आणि परीक्षा

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आयुर्वेदातील सुवर्णभस्मासारख्या द्रव्यांत अतिसूक्ष्म कण आढळतात, हे आधुनिक उपकरणांनी दाखवले आहे. त्यावरून ‘नॅनोविज्ञान आपल्या पूर्वजांना पूर्णतः अवगत होते’ असे विधान सभांतून आणि लेखांतून सहजपणे केले जाते. पूर्वजांचा गौरव करण्याचा हा मार्ग उतावीळपणाचा आहे. त्यांनी जे केले, ते त्यांच्याच परिभाषेत पाहिले तर अधिक मोठे दिसते. रसशास्त्राने भस्म तयार झाल्याचे वैद्याच्या शब्दावर सोडले नाही. त्याच्या परीक्षा घालून दिल्या. चिमूटभर भस्म बोटांत चोळले असता ते बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, ही रेखापूर्णतेची परीक्षा. स्थिर पाण्यावर सोडले असता ते तरंगले पाहिजे, ही वारितर परीक्षा. परीक्षेत न उतरलेले भस्म पुन्हा अग्नीत जाई. दाव्याच्या जोरावर ते रुग्णाच्या मुखात जात नसे.

परंपरेतून घ्यायचे असेल, तर हे घ्यावे. सूक्ष्मदर्शक नसताना ज्यांनी परीक्षेवाचून दावा मान्य केला नाही, त्यांच्या वारसांनी सूक्ष्मदर्शक हाताशी असताना परीक्षेवाचून अभिमान बाळगावा, हे शोभत नाही. हीच कसोटी बाजारालाही लावली पाहिजे. आज ‘नॅनो’ हा शब्द प्रसाधनांपासून कापडापर्यंत कोणत्याही वेष्टनावर चमकताना दिसतो. कण कोणत्या धातूचे, किती मापाचे, कोणत्या आकाराचे आणि ते धुतल्यावर पाण्यात जातात काय, हे विचारणारा ग्राहक जागा झाला, तर विक्रेत्यालाही उत्तर शोधावे लागेल. चांदीचे कण जिवाणूंना मारतात. ते नदीत उतरले, तर तेथील उपयुक्त जिवाणूंनाही ते वेगळे ओळखणार नाहीत. सामर्थ्य जितके सूक्ष्म, तितके त्याचे उत्तरदायित्व मोठे.

सुशिक्षित कुटुंबांनीही या प्रश्नात आपला वाटा ओळखला पाहिजे. आपला मुलगा वा मुलगी मूलभूत विज्ञानाकडे वळू इच्छिते, तेव्हा ‘त्यात पुढे काय?’ या प्रश्नाने घरातील पहिला अडथळा उभा राहतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाच वर्षे पिचकारीतून थेंब मोजणाऱ्या संशोधकाच्या हाती लगोलग मोटार आणि सदनिका येत नाही, हे खरे. परंतु एखाद्या रुग्णाच्या अर्बुदावर नेमका पडणारा प्रकाश, गावातल्या माठातील निर्धोक पाणी आणि देशाच्या ऊर्जेचे स्वावलंबन यांची बीजे अशाच प्रयोगशाळांत रुजतात. शाळांतील विज्ञानमंडळांनी, सुट्टीतील शिबिरांनी आणि वस्तीपातळीवरील अभ्यासिकांनी विद्यार्थ्यांना तयार उत्तरे पाठ करायला लावण्यापेक्षा एक साधा प्रयोग दहा वेळा करून दहाही निकाल, फसलेले धरून, वहीत लिहायला शिकवले, तर ते राष्ट्रकार्यच ठरेल.

कल्हईवाला आज दारी क्वचितच येतो. पण त्याच्या भट्टीपाशी शिकण्यासारखे जे होते, ते कालबाह्य झालेले नाही. भांडे उजळावे असे प्रत्येकालाच वाटते. पण कथील पसरते ते निर्मळ केलेल्या पृष्ठभागावरच. घोषणांचे कथील कितीही ओतले, तरी खालचा पृष्ठभाग मलिन असेल, तर त्याचे थेंबच होतील. द्रव्यांची शुद्धता, मोजमापाची अचूकता आणि नोंदींचा प्रामाणिकपणा हा आपल्या विज्ञानाचा नवसागर आहे. तो आधी पडला पाहिजे. झळाळी त्यानंतर आपोआप येईल.